पाळणा, शेजारती आणि आपली झोप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी आपण सगळे देवळात जमतो. जन्माचं कीर्तन होतं, फुलं उधळली जातात, सुवासिनी पाळण्याची दोरी धरतात आणि पाळणा म्हटला जातो. सुंठवडा हातावर पडला की आपण चपला शोधायला लागतो. मला मात्र दर वर्षी त्या पाळण्यापाशी एक प्रश्न पडतो. पाळणा म्हणतात कशासाठी? मूल झोपावं म्हणून. म्हणजे दत्तजयंतीचा जो मुख्य विधी, तो देवाला झोपवण्याचा आहे.

कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. अनसूयामातेचं सत्त्व पाहायला ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रींच्या आश्रमात आले, अवघड भिक्षा मागितली, आणि मातेच्या पातिव्रत्याच्या बळावर तिघांची तान्ही बाळं झाली. तिने त्यांना पाजलं आणि पाळण्यात घालून झोपवलं. श्रीगुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात ही कथा आली आहे. आता बघा, एकाकडे सृष्टी निर्माण करण्याचं खातं, दुसऱ्याकडे पालनाचं, तिसऱ्याकडे संहाराचं. तिन्ही खात्यांचे प्रमुख एकाच वेळी झोपलेले! तरी सूर्य उगवायचा राहिला नाही. आणि आपल्यातला साधा गृहस्थ म्हणतो, ‘मी रात्री फोन बंद ठेवला तर ऑफिसचं काय होईल?’

मी कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. गुरुवारी पोथीनंतर दहा-पंधरा मिनिटं बोला म्हणतात, म्हणून बोलतो. यंदा अंकासाठी झोपेवर लिहितो म्हटल्यावर मंडळी हसली. ‘काका, विषय झोपेचा, मग वाचणारे जागे राहतील का?’ नाही राहिले तरी माझी काही हरकत नाही. लेख उशाशी ठेवून झोपावं आणि उरलेला सकाळी वाचावा.

आपले दत्तप्रभू नित्य संचार करणारे. परंपरा सांगते की पहाटे त्यांचं गंगास्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, भोजन गोदाकाठी पांचाळेश्वरला, आणि निद्रा माहूरगडावर. स्मर्तृगामी म्हणजे आठवण काढताच धावून येणारा देव. त्याला तर चोवीस तास ड्यूटी. तरी त्याच्या दिनक्रमात निद्रेला स्वतंत्र जागा आहे, वेळ आहे, गाव आहे. स्नानाचं आणि भिक्षेचं ठिकाण जितकं पवित्र तितकंच निद्रेचं ठिकाण पवित्र. माहूरला आपण डोकं टेकतो ते देवाच्या विश्रांतीच्या जागेपाशी.

नरसोबाच्या वाडीला गेलात तर पहाटे काकड आरती आणि रात्री शेजारती. शेजारती झाली की दिवस मिटला. मग कितीही मोठा माणूस गाडीतून उतरला तरी पुजारी म्हणतात, सकाळी या. पंढरपूरची गोष्ट याहून बोलकी आहे. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येतात, म्हणून देवाचा पलंग काढतात. पांडुरंग दिवसरात्र उभा. पण वारी सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला गरम पाण्याने न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. भक्तासाठी देव जागतो खरा, पण जागल्याचा शीण देवालाही होतो, हे आपल्या पूर्वजांनी किती मायेने जाणलं होतं! आणि घरातला दहावीचा मुलगा रात्री एकपर्यंत पुस्तकात डोकं घालून बसला, की त्याच्या आईला आपण सांगतो, ‘चहा दे त्याला.’

काहींना हे रुचणार नाही. ते म्हणतील, अहो, झोप हा तमोगुण. गीतेच्या चौदाव्या अध्यायात आळस आणि निद्रा तमाच्या बेड्या म्हणून सांगितल्या आहेत. अर्जुनाला गुडाकेश म्हणतात, म्हणजे निद्रा जिंकलेला. सर्वांची रात्र तेव्हा संयमी पुरुष जागा असतो, असंही गीताच सांगते. सगळं खरं. पण त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला स्पष्ट बजावलं आहे की जो अती खातो किंवा मुळीच खात नाही, जो अती झोपतो किंवा जागाच राहतो, त्याला योग साधत नाही. ज्याचा आहार, विहार, कर्म, झोप आणि जाग प्रमाणात, त्याचाच योग दुःख दूर करतो. गुडाकेशाला सांगितलंय हे, बरं का! निद्रा जिंकलेल्या माणसालासुद्धा. जिंकणं म्हणजे मारून टाकणं नव्हे. घोडा जिंकला म्हणजे तो आपल्या लगामात आला, मेला नाही. आणि तो संयमी पुरुष जिथे जागा असतो, ती जाग आत्म्याविषयीची. तिचा आणि रात्री दोन वाजता चाळलेल्या चित्रफितींचा काय संबंध?

गुरुचरित्राच्या सप्ताहाचे नियम आठवा. हविष्यान्न, ब्रह्मचर्य, मितभाषण. आणि रात्री? पोथीजवळ, खाली चटई किंवा घोंगडी टाकून, डाव्या कुशीवर झोपावं. कसं झोपावं ते सांगितलं आहे, झोपू नये असं कुठेही नाही. शिवाय पारायण करणाऱ्याला दृष्टांत होतो तो बहुधा स्वप्नात. जो झोपतच नाही, त्याला महाराजांनी दृष्टांत द्यायचा कधी?

आयुर्वेदात चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. घराला खांब असतात तसे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बलता, ज्ञान आणि अज्ञान, इतकंच काय, जगणं आणि मरणंसुद्धा झोपेवर अवलंबून आहे, इथपर्यंत ते गेले आहेत. आजचे डॉक्टर वेगळं सांगत नाहीत. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, आणि तेरा-चौदापासून पुढच्या पोरांना आठ ते दहा. या पोरांना आपण आळशी म्हणतो. त्या वयात शरीराचं घड्याळच उशिरा झोपायचं नि उशिरा उठायचं होतं, त्याला ती बिचारी काय करणार? हे घड्याळ म्हणजे बोलायची रीत नाही. पेशीपेशीत ते चालतं, आणि ते कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन आठवडे वाद चालला होता. मला तो निर्णय पटला. बाळमुठीत डबा धरून पेंगणारी लेकरं रिक्षातून जाताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

झोपेत काय होतं, ते माझ्या भाषेत सांगतो. बँकेत दिवसभर व्यवहार होतात. काउंटर बंद झालं म्हणजे काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं काम तेव्हा सुरू होतं. व्हाऊचर खात्याला लागतात, बेरजा जुळतात, चुकीची नोंद बाजूला निघते. संगणक आल्यावर त्याला ‘डे एंड’ म्हणू लागले. तो पुरा झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचं काम उघडत नाही. मेंदूचंही तसंच आहे. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं रात्रभर चालतात. पहिल्या प्रहरात गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. दिवसा शिकलेलं या वेळात पक्कं होतं. उंदरांवरच्या प्रयोगात २०१३ साली असं दिसलं की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा रुंदावते आणि साचलेला कचरा धुऊन निघतो. आता जो रोज पाचच तास झोपतो, त्याचा ‘डे एंड’ अर्धवट राहतो. रविवारी अकरापर्यंत लोळून काही भरपाई होते, पण सगळी बाकी फिटत नाही, आणि सोमवारी पुन्हा उधारी चालू. रक्तदाब, साखर, वजन, चिडचिड, विसराळूपणा ही तिची व्याजाची कलमं.

पूर्वी हाताने लेजर लिहायचो तेव्हा ३१ मार्चची रात्र म्हणजे जागरणच. टोटल जुळेना की सगळी शाखा अडकायची. फरक नऊने भागला गेला तर समजायचं की कुठेतरी आकडे उलटे पडले आहेत, सेहेचाळीसचे चौसष्ट झाले आहेत. रात्री अकराच्या पुढे मात्र गंमत व्हायची. एकाच पानावरून तीन माणसं तीन वेळा बोट फिरवायची आणि कुणालाच दिसायचं नाही. आमचे एक हेडक्लार्क होते, गाणगापूरची वारी करणारे. ते बाराच्या ठोक्याला टेबलावर पट्टी आपटायचे. ‘उठा. आता डोळे आकडे बघत नाहीत, नुसते उघडे आहेत. सकाळी साताला या.’ आणि सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फरक सापडायचा! एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

यावर कुणी म्हणेल, मग एकनाथांचं काय? नाथ जनार्दनस्वामींकडे देवगिरीवर हिशेब लिहीत. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्र रात्र जागले, सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, आणि मागे उभे असलेले स्वामी म्हणाले की एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल. कीर्तनात ही गोष्ट ऐकताना माझ्याइतका कुणी रंगत नसेल, कारण ती टाळी मी बँकेत कैकदा ऐकली आहे. पण नीट ऐका. दत्तभक्त जनार्दनस्वामींनी शिष्याच्या जागरणाचं कौतुक केलं नाही. त्यांनी त्याच्या एकाग्रतेला दिशा दाखवली. पैसाठी जागतोस ते ठीक, पण जागण्यासारखं याहून मोठं काही आहे, असं ते सुचवत होते.

जागण्यासारखं काय आणि काय नाही, यासाठी आपल्या संप्रदायात एक गुरू आहे. अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले, त्यातली पिंगला. भागवताच्या अकराव्या स्कंधात तिची कथा येते. विदेहनगरीतली ही वेश्या. संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. वाटेने माणूस दिसला की वाटे, हा धनवान, हा येणार. तो निघून जाई. मग वाटे, पुढचा येईल. आत जाई, पडून राही, चैन पडेना, पुन्हा उठून दाराशी येई. असं करता करता मध्यरात्र झाली. तोंड सुकलं, झोप उडाली. आणि त्या थकव्यातच तिला उमगलं की हृदयात कायमचा राहणारा धनी सोडून मी कुणाची वाट बघते आहे? तिने आशा खाली ठेवली. आणि मग काय झालं? समाधी लागली? दिव्य विमान आलं? नाही. ती आत जाऊन शांत झोपली. भागवतकारांनी तिच्या वैराग्याचं फळ म्हणून झोप सांगितली आहे! आशा सुटली याचा पुरावा काय, तर तिला झोप लागली.

पिंगलेचं आत-बाहेर आठवलं की मला आजची घरं दिसतात. दिवा मालवला, अंग टाकलं, दोन मिनिटांत हात उशाखाली. कुणाचा निरोप आला का? फोटो कुणी पाहिला का? शेअर वर गेला का? नाही आला. ठेवला. पुन्हा उचलला. दार तेवढं बदललं, उभं राहणं तेच. त्यात फोनचा उजेड डोळ्यांत गेला की रात्र झाल्याची खबर देणारं मेलाटोनिन मेंदूत स्रवायला उशीर होतो, म्हणजे आशेने झोप उडवलेली आणि उजेडाने ती आणखी लांबवलेली. आमच्या सौ.नी घरात नियम केला आहे. रात्री साडेनऊला सगळे फोन देव्हाऱ्याच्या खोलीत चार्जिंगला. नातू पहिले आठ दिवस रुसला होता. मीही थोडा रुसलोच होतो म्हणा.

ज्यांना खरोखर झोप लागत नाही, त्यांच्याविषयी मात्र बोलताना जपायला हवं. ‘नाम घे म्हणजे लागेल’ असं पटकन सांगून मोकळं होऊ नये. नामाने मन निवतं हा माझा अनुभव आहे. पण आठवड्यातल्या तीन-चार रात्री नुसतं छताकडे बघत जात असतील आणि असे महिने लोटले असतील, तर तो आजार आहे आणि त्यावर उपाय आहेत. घोरण्याचंही तसंच. आमच्या गुरुवारच्या बैठकीत एक गृहस्थ पोथी सुरू झाली की डुलायचे. लोक चेष्टा करायचे, कुणी ‘श्रद्धा नाही’ म्हणायचे. घरी ते छप्पर उडेल असे घोरतात, म्हणून गाढ झोपतात असा सगळ्यांचा समज. सुनेच्या लक्षात आलं की घोरता घोरता त्यांचा श्वासच थांबतो, मग दचकून सुरू होतो. तपासणी झाली. झोपेत श्वास अडण्याचा विकार निघाला, रात्री मुखवटा लावून हवा देणारं यंत्र आलं. आता ते पोथीला ताठ बसतात आणि माझ्या बोलण्यातल्या चुका काढतात.

आता थोडं कडू बोलतो. आपलीच गाऱ्हाणी आपल्याच अंकात.

पुण्या-मुंबईकडची मंडळी गाणगापूरला जातात. रजा नसते. मग काय, शुक्रवारी ऑफिस करून रात्री निघायचं, पहाटे संगमावर स्नान, दुपारी माधुकरी, पादुकांचं दर्शन, आणि लगेच परत, रविवारी घरी. गाडी चालवणारा एकच. तो सकाळी सहाला उठलेला असतो. रात्री अकराला त्याला जागून सतरा तास होतात. प्रयोगांनी दाखवलंय की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि मेंदू रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम दारू असल्यासारखा मंद चालतो. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे सोवळ्यातला, निर्व्यसनी, माळ घातलेला आपला दत्तभक्त त्या वेळी स्टिअरिंगवर झिंगलेल्या माणसासारखा बसलेला असतो, आणि मागे बायकापोरं नाम घेत पेंगत असतात. पहाटे दोन ते पाच हा तर सर्वांत वाईट काळ, शरीराचं घड्याळ तेव्हा तळाला असतं. खिडकी उघडून, गाणी लावून, चहा पिऊन झोप जात नाही, फक्त थोडा वेळ फसते. भीमा-अमरजेचा संगम कुठे जात नाही. वाटेत सोलापूरला किंवा अक्कलकोटला मुक्काम करावा, स्वामींचं दर्शन होईल, सकाळी ताजेतवाने निघावं. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर असेल तर त्याला झोपायला खोली आणि पांघरूण द्यावं. आपण धर्मशाळेत आणि तो सीटवर डासांत, हे कसलं पुण्य?

दुसरं, लाउडस्पीकर. २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात म्हटलं की झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. पण कायद्याचं सोडा. दत्तजन्म सायंकाळचा आहे. कृष्णजन्म मध्यरात्री, म्हणून तिथे लोक जागतात. आपल्याला मध्यरात्रीपर्यंत कर्णा लावण्याचं शास्त्रात काही कारण नाही.

आमच्या देवळात दोन वर्षांपूर्वी यावरून बरंच वाजलं. जन्मोत्सवाच्या रात्री भजनी मंडळं पहाटेपर्यंत म्हणायची आणि कर्णा देवळाच्या कळसाला. देवळासमोरच्या इमारतीत सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर राहतात. त्यांची त्या आठवड्यात सकाळची पाळी होती. त्या कमिटीकडे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘काका, मला उद्या सकाळी लहान बाळांना इंजेक्शनं द्यायची असतात. माझा हात हलू नये एवढी झोप मिळेल का?’ कमिटीत दोन तट पडले. जुनी मंडळी म्हणाली, वर्षातून एक रात्र, तेवढीही नको? आमचे अध्यक्ष मितभाषी. ते म्हणाले, ‘सिस्टरांनी नाम बंद करा म्हटलेलं नाही. कर्णा बंद करा म्हटलंय. महाराजांना ऐकू कमी येतं का?’ तेव्हापासून दहाच्या आत कर्णा उतरतो. ज्यांना पुढे भजन करायचं ते गाभाऱ्यासमोर टाळ मंद ठेवून करतात. दोन मंडळांनी रागाने येणं सोडलं, हेही खरं आहे. त्यातलं एक यंदा परत येतंय.

समाजात काहींना रात्री जागावंच लागतं. दवाखान्यातले, पोलिस, रेल्वेचे, ट्रकवाले, दूधवाले, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी आपली मुलं. वर्षानुवर्षं रात्रपाळी केल्याने कर्करोगाचा धोका वाढण्याची शक्यता आहे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ सालीच तिचं नाव संभाव्य कारणांच्या यादीत घातलं. ही माणसं आपली झोप मोजून देतात म्हणून आपण निजतो. मग दिवसा त्यांची झोप कुणी राखायची? आमच्या सोसायटीत रात्रीचा वॉचमन खुर्चीत झोपलेला दिसला म्हणून कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच शंभर शेरे. कुणी विचारलं नाही की हा माणूस बारा तासांची रात्र करून दिवसा दुसऱ्या इमारतीच्या गाड्या का धुतो? मीटिंगमध्ये हिशेब मांडला. पगार थोडा वाढवून रात्रीची पाळी आठ तासांची केली तर प्रत्येक घरामागे महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाइतकाही खर्च येत नव्हता. ठराव झाला. सहजासहजी नाही झाला, पण झाला.

आपण अन्नदान करतो. महाप्रसादाला हजार पानं उठतात, त्याची पावती फाडताना हात आखडत नाही. निद्रादान हा शब्द कुणी ऐकला आहे का? मीही ऐकलेला नव्हता. गेल्या चातुर्मासात एक बाई देवळात येऊन औदुंबराखाली बसल्या बसल्याच झोपून गेल्या. सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या, रात्रीतून चार-पाच वेळा उठवायच्या. नवऱ्याची फिरतीची नोकरी. त्यांनी डोळे उघडले आणि ओशाळून म्हणाल्या, ‘प्रदक्षिणा घालायला आले होते हो.’ आमच्या पुजारीकाकूंनी त्यांना पदराने वारा घातला आणि म्हणाल्या, ‘झाल्या तुझ्या प्रदक्षिणा. आज रात्री मी येते सासूबाईंपाशी. तू दार लावून नीज.’ त्या रात्री पुजारीकाकू जागल्या. पोथी बरोबर नेली होती. आजींना पाणी देत, कूस बदलत त्यांनी नऊ अध्याय वाचले.

याला मी जागरण म्हणतो. गोंधळ, कर्णा, चहाचे पेले यापेक्षा हे निराळं आहे. दुसऱ्याला झोप मिळावी म्हणून जो एक रात्र जागतो, त्याच्या शेजारी दत्तप्रभू माहूरचा मुक्काम सोडून येऊन बसत असतील, असं मला वाटतं. अर्थात जागणाऱ्यानेही दुसऱ्या दिवशी दुपारी आडवं व्हावं, आणि एकानेच रोज जागू नये. म्हणून वही.

चातुर्मासापासून देवळात ही वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे त्यांनी एका बाजूला नाव लिहायचं, ज्यांना महिन्यातून एक रात्र देता येईल त्यांनी दुसऱ्या बाजूला. बायकांसाठी बायका, पुरुषांसाठी पुरुष. साठीच्या पुढच्यांनी दिवसाची वेळ घ्यावी, दुपारी दोन ते पाच बसलं तरी घरच्या माणसाचा डोळा लागतो. मी गुरुवार सोडून दोन दुपारी घेतल्या आहेत. आजपर्यंत सात घरांची नावं आली आहेत आणि अकरा माणसांची.

यंदाच्या उत्सवात जन्म सायंकाळी सहाला, पालखी साडेसातला, शेजारती साडेनऊला. वही पुजाऱ्यांकडे आहे, तीर्थाच्या भांड्याशेजारी. मंगळवारची आणि शनिवारची रात्र अजून रिकामी आहे.